गोदाआत्याचं दार

तार इंग्रजीत होती, म्हणून वडिलांनी ती न वाचताच माझ्या हातात दिली. आमच्या घरात इंग्रजी आलं की ते माझ्याकडे येतं... विजेचं बिल, कॉलेजचं पत्र, औषधाच्या खोक्यातला घड्या घातलेला पातळ कागद. मला कॉन्व्हेंटमध्ये घातलं ते अशाच वेळेसाठी, असं वडील आल्यागेल्याला सांगतात. गोदावरीची प्रकृती गंभीर आहे, ताबडतोब निघा, एवढंच तारेत होतं. वर सोनईच्या पोस्टाचा शिक्का. ते मराठीत सांगायला मी तोंड उघडलं तेव्हा मला रडू आलं नाही, भीतीही वाटली नाही. मला राग आला. आता काय करून ठेवलं हिने?

तो राग अजून गेलेला नाही. तिला जाऊन दीड महिना होत आला. गेलेल्या माणसाविषयी गोड लिहायचं असतं हे मला कळतं, आणि ती गोड होतीच, शिंगणापूरची सगळी गल्ली तसं सांगेल. पण मला तिची आठवण येते ती दातओठ खातच येते. तशीच लिहिली तर निदान खरी उतरेल.

नगरहून दुपारच्या एसटीने आम्ही घोडेगावला उतरलो आणि पुढचं अंतर एका दुधाच्या जीपमधून गेलो. घरापाशी माणसं उभी होती. कुणी बोलत नव्हतं, त्यामुळे काही विचारावं लागलं नाही. आत्या सकाळीच गेली होती. तिच्या अंगावर डोक्यापासून पायापर्यंत लुगडं पांघरलेलं होतं आणि वडील तोंडावरचा पदर उचलू लागल्यावर मामांनी, म्हणजे आत्याच्या यजमानांनी, त्यांचा हात धरला. "नका पाहू, दादा. लई फोड हायेत," ते म्हणाले. मी उंबऱ्याशी उभी होते. तिथे एक लाकडी पाट होता. माझाच पाट. दोन महिने मी त्यावर बसले होते... आणि ज्यासाठी बसले होते ते माझ्याकडून झालं नव्हतं.

गोदाआत्या वडिलांची थोरली बहीण. चौथी शिकलेली, सावळी, उंच, आणि बोलायला लागली की थांबवणं अशक्य. मी न बोलणारी. त्यामुळे लहानपणी सुट्टीत तिच्याकडे गेले की आमचं छान जमायचं, कारण ती एकटीच बोलायची आणि मी ऐकायचे. तिला मूलबाळ नव्हतं. दर शनिवारी ती देवाच्या चौथऱ्यापासून थोड्या अंतरावर रुईच्या पानांच्या माळा विकायला बसायची. गिऱ्हाइकाला माळेबरोबर दोन गोष्टी ऐकवल्याशिवाय सोडायची नाही. आलेला माणूस कुठला, कुणाचा, त्याच्या साडेसातीचं अजून किती राहिलंय, सगळं तिला ठाऊक असायचं.

दोन वर्षांपूर्वी तिच्या तोंडात फोड आले. आधी वाटलं तिखटाने. मग पाठीवर, छातीवर मोठे पाण्याचे फोड उठले आणि फुटून कातडी सोलल्यासारखी होऊ लागली. भाकरीचा तुकडा तोंडात घालता येईना. पातळ ताक आणि भाताच्या पेजेवर ती काठीसारखी झाली. मलम झालं, लेप झाले, मामांनी सगळं करून पाहिलं आणि शेवटी तिला नगरला आमच्याकडे आणलं. कातडीच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की हा लागट रोग नाही, कुठल्या जंतूंचा नाही. शरीराची जी राखण करणारी ताकद असते, ती चुकून स्वतःच्याच कातडीवर उलटली आहे. तिला आवरायचं, तर औषध देऊन तिला दुबळी करायला हवी. त्यांनी दोन गोळ्या लिहून दिल्या, एक पांढरी आणि एक पिवळी. पांढरी नगरला मिळायची. पिवळी, अझाथायोप्रिन, पुण्याहून मागवावी लागायची. तिच्या खोक्यातला तो पातळ कागद अर्थातच माझ्याकडे आला.

कागदात होतं, की एका माणसाचं मूत्रपिंड काढून दुसऱ्याला बसवतात तेव्हाही हीच गोळी देतात, म्हणजे शरीर ते परकं मूत्रपिंड झिडकारत नाही. मी हे आत्याला समजावून सांगितलं. तिने डोळे मोठे केले.

"दुसऱ्याचं बसवत्यात? आनि मंग माझ्यात कोनाचं बसवलंय?"

"तुझ्यात कुणाचं नाही, आत्या. तुझी तुझीच कातडी आहे."

"मंग भांडन कशाचं?"

मी कागद पुन्हा वरपासून वाचला. भांडण कशाचं, ते त्यात नव्हतं. पण पुढची गोष्ट कागदात अगदी स्पष्ट होती, आणि डॉक्टरांनीही ती दोनदा सांगितली. ही गोळी चालू असेपर्यंत बाहेरचा कुठलाही आजार शरीराला अडवता येणार नाही. साधा ताप, साधा खोकला महागात पडेल. दर पंधरवड्याला रक्त तपासायचं. गर्दीत जायचं नाही. आजाऱ्याजवळ जायचं नाही. हात धुवायचे. "आणि मुख्य म्हणजे," डॉक्टर म्हणाले, "भेटायला येणाऱ्यांना आत घेऊ नका. सरळ दार लावून घ्या."

आत्या हसायला लागली. तोंडातल्या फोडांनी तिला हसताही येत नव्हतं, तरी गाल धरून हसत होती. डॉक्टर मुंबईचे, नवे. त्यांना काही कळेना. शेवटी वडिलांनी सांगितलं की या बाईंच्या गावात कुणाच्याच घराला दार नाही. चौकट असते, उंबरा असतो, फळी नसते. देव राखण करतो म्हणून कडी-कुलूप नाही. कुत्रं येऊ नये म्हणून फार तर एखादा पत्रा आडवा लावतात. डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "मग पडदा लावा."

पडदा लावला. गोणपाटाचा. त्याने वारा आणि प्रकाश तेवढा अडला, माणूस एकही नाही.

आमच्याकडे आजाऱ्याला भेटायला जाणं किती गंभीरपणे घेतात हे सांगायला नको. न जाणारा माणूस वर्षानुवर्षं लक्षात राहतो. जाणारा माणूस अंथरुणावरच बसतो, आजाऱ्याचा हात हातात घेतो, फोड कुठे आहेत ते बोट लावून बघतो, आणि मग आपल्या चुलत भावाला असंच झालं होतं ते सांगतो. यंदा दुष्काळामुळे निम्मं गाव खडी फोडायला जात होतं. संध्याकाळी ती माणसं धुळीने माखलेली, खोकत, थेट आत्याकडे येऊन बसायची. आत्या त्यांना चहा ठेवायची. मामा कामावर मुकादम, त्यामुळे दिवसभर घरात नसत. मार्चमध्ये तिला खोकला धरला आणि तो तीन आठवडे हटेना. डॉक्टर वडिलांवर रागावले. वडिलांनी लोहाराकडे जाऊन एका लोखंडी दाराचं माप सांगितलं. पण आत्याने ते दार बैलगाडीतून खालीसुद्धा उतरू दिलं नाही.

"माझ्यापायी गावाला बट्टा नको," ती म्हणाली. "शंभर घरांत एक दार. लोक म्हनतील, गोदीचा देवावर भरवसा न्हाई."

"मग मर," वडील म्हणाले. सख्खी भावंडं अशी बोलतात. ती रडली, ते दार नगरला परत आलं, आणि अजून आमच्या मागच्या अंगणात भिंतीला टेकून उभं आहे. त्यावर तोडगा आत्यानेच काढला. "दार नको. बेबीला ठेवा माझ्याकडं. तिची परीक्षा झालीया. तिला त्यातलं सगळं ठावं हाय. ती बसंल उंबऱ्यात."

बेबी म्हणजे मी. सगळ्या नगर जिल्ह्यात माणसं अडवायला माझ्याहून नालायक मुलगी मिळाली नसती. कॉलेजात मी हजेरीला 'प्रेझेंट' म्हणायचे ते शेजारणीलाही ऐकू यायचं नाही. पण वडिलांनी मला ट्रंकेसकट पाठवलं. आत्याने उंबऱ्याच्या आत एक पाट ठेवला आणि मला त्यावर बसवलं. मी एका फुलस्केप कागदावर मोठ्या अक्षरात सगळे नियम लिहिले आणि भिंतीवर खिळ्याला अडकवले. तिने लांबूनच पाहिलं आणि विचारलं, "मराठीच हाय न्हवं?"

पहिल्या दिवशी अकरा माणसं आली आणि अकराही मला ओलांडून आत गेली. माझं वाक्य पाठ होतं... 'आत्याला संसर्गाची भीती आहे, कृपा करून बाहेरूनच बोला.' ते मी प्रत्येकाच्या पाठीला सांगितलं. बारावे एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत आले आणि माझ्याकडे पाहून थबकले.

"गोदे, ही कोन गं उंबऱ्यात?"

"दार हाय माजं," आत्या आतून ओरडली. "नगरहून आनलंय. विंग्रजी दार. वाजतबी न्हाई, लागतबी न्हाई."

"बिजागरीला त्याल घाल की मंग."

"ह्या गावात तेलाला काय तोटा, नाना! तुमीच घाला."

गल्लीत हशा झाला. मी कानापर्यंत लाल झाले. त्या रात्री मी जेवले नाही आणि ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. पण दुसऱ्या दिवशी नाना परत आले तेव्हा मी पाय पसरून, चौकटीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बसले. पाठ केलेलं वाक्य टाकून दिलं आणि म्हणाले, "नाना, बाहेर बसा. पाणी आणून देते." एवढंच. नाना बसले. बाहेरच्या दगडावर बसून ते तासभर आत्याशी बोलले, म्हणजे ओरडले, आणि आत्या आतून ओरडली. तेव्हापासून तीच रीत पडली. माणसं दगडावर बसायची, संवाद माझ्या डोक्यावरून व्हायचा आणि तो सगळ्या गल्लीला ऐकू जायचा. कुणाच्या सुनेचं काय, कुणाच्या गाईचं काय... मी एका उन्हाळ्यात जितकं ऐकलं तितकं वीस वर्षांत ऐकलं नव्हतं. मे संपेपर्यंत गल्लीतली माणसं चौकटीशी आली की आपोआप थांबायची आणि विचारायची, "येऊ का?" मी म्हणायचे, "नको." आणि त्यांना त्याचा राग येत नव्हता.

राग येत होता तो मला, आणि तो आतल्या बाईचा. लोक शिकले, ती शिकली नाही. शनिवारी उपास, म्हणून गोळी घ्यायची नाही. गोळीने उपास मोडतो असं तिला कुणी सांगितलं होतं देव जाणे. हात धुवायला सांगितलं की म्हणायची, "प्यायला पानी न्हाई आनि ही हात धुवायला सांगतीया." त्यात तिचं चुकत होतं असंही नाही. विहिरी आटल्या होत्या, टँकर दोन दिवसांनी यायचा. मग मी घागरीतलं तांब्याभर पाणी तिच्या हातावर घालायचे आणि ते खाली परातीत धरून आम्ही तुळशीला घालायचो. शेजारच्या एका बाईचे सांधे धरले होते, तिला ही एक पिवळी गोळी देऊन आली. "मला गुन आला, तिला यील." मी डबीतल्या गोळ्या मोजत असल्यामुळे ते उघडकीला आलं. मी ती गोळी त्या बाईकडून परत मागून आणली. माझ्या आयुष्यात मी कुणाच्या दारात जाऊन काही परत मागितल्याचा तो एकमेव प्रसंग. चौकटीत, म्हणायला हवं.

आणि गुण खरंच आला होता. हे लिहिलं नाही तर त्या गोळ्यांवर अन्याय होईल. मेच्या मध्यावर पाठीवरची शेवटची जखम सुकली. पांढऱ्या गोळीने तिचा चेहरा गोल गरगरीत झाला. दगडावर बसणाऱ्या बाया म्हणायच्या, "गोदाक्का, माहेरचं दूध लागलं की गं." एक दिवस मी पाटावर बसलेली असताना आतून कुटण्याचा आवाज आला. वळून पाहिलं तर ही खलबत्त्यात हिरव्या मिरचीचा ठेचा कुटत होती. बाजरीच्या भाकरीच्या मोठ्या तुकड्यावर तो घेऊन तिने तोंडात घातला, डोळे मिटले आणि बराच वेळ चावत राहिली. दीड वर्षाने. "झोंबतंय का?" मी विचारलं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "झोंबतंय," ती म्हणाली. "पन जिथं झोंबाया पायजे तिथंच झोंबतंय."

जूनच्या सुरुवातीला पलीकडच्या घरात राधाबाईंच्या नातीला, तीन वर्षांच्या छबीला कांजिण्या आल्या. त्यांच्या चौकटीला कडुलिंबाचे डहाळे लागले, घरातली फोडणी बंद झाली. मला धडकी भरली, पण घर पलीकडे होतं आणि मी पाटावरून हलणार नव्हते. मला ठाऊक नव्हतं ते दुसरंच. पाचव्या दिवशी राधाबाई आल्या, शहाण्यासारख्या चौकटीबाहेर थांबल्या आणि म्हणाल्या, "गोदाक्का, उद्या पोरीची आंघोळ हाय."

"यीन की," आत्या म्हणाली.

या गल्लीत देवीची, गोवराची, कांजिण्यांची, कुठल्याही अशा आजारातल्या पोराची लिंबाच्या पाण्याने पहिली आंघोळ आत्याच घालायची. वीस वर्षं. मूल नसलेल्या बाईला अशा कामाला खरं तर कुणी बोलावत नाही. पण वीस वर्षांपूर्वी गल्लीत साथ आली तेव्हा पोरंबाळं असलेली एकही बाई दुसऱ्याच्या घरात पाऊल टाकायला तयार नव्हती. रोग आपल्या लेकरांना न्यायची भीती. आत्याकडे नेण्यासारखं कुणी नव्हतं, म्हणून ती गेली. तेव्हा लग्नाला बरीच वर्षं झाली होती, तरी सासरी तिला कुणी विचारत नव्हतं. त्या साथीनंतर विचारायला लागले. बारसं असो, जावळ असो, गोदाक्काला पहिलं बोलावणं. हे सगळं मला तिनेच कधीतरी सांगितलं होतं, हसत हसत.

त्या सकाळी ती धुतलेलं लुगडं नेसून, हातात खणाचं आणि तांदळाचं ताट घेऊन माझ्यामागे उभी राहिली. मी पाटावर होते. पाय चौकटीला लावलेले.

"नाही," मी म्हणाले. "आत्या, नाही जायचं. तिथे लिहिलंय. आजाऱ्याजवळ जायचं नाही."

"मला येऊन गेल्यात. ल्हानपनी. एकदा आल्या की परत येत न्हाईत. वीस वर्सं पोरांना न्हाऊ घालतीया, कधी आल्या?"

"तेव्हा गोळ्या नव्हत्या."

"गोळ्या फोडांच्या हायेत. कांजिन्यांच्या न्हाईत."

मी तिला काय सांगायला हवं होतं ते आज मला नीट मांडून सांगता येईल. त्या दिवशी मला एवढंच माहीत होतं की कागदात 'संसर्ग' म्हटलंय. येऊन गेलेल्या कांजिण्यांचं काय, ते मी डॉक्टरांना विचारलं नव्हतं. तिचं वीस वर्षांचं बरोबर होतं आणि माझ्याकडे एक पातळ कागद होता. मी मान खाली घालून म्हणाले, "डॉक्टर रागावतील."

तिने ताट दुसऱ्या हातात घेतलं. एरवी ओरडून बोलणारी बाई. मग हळू आवाजात, गल्लीला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "बेबे, मला लोकांनी बाहेर बसून भेटलेलं चालतंय. पन आज मी गेले न्हाई, तर ह्या गल्लीत मी कोन? हो बाजूला."

मी पाय काढून घेतले.

किती सोपं होतं ते. गुडघे जरा वळवले, एवढंच. ती माझ्या अंगावरून लुगडं सावरत गेली आणि तासाभराने परत आली, अंगाला लिंबाचा वास, कपाळाला हळदीकुंकू, तोंडभर हसू. "पोरगी सारखी ह्या मांडीवरून उठंचना," म्हणाली. मी तिच्याशी दोन दिवस बोलले नाही. तिच्या लक्षात आलं नाही, कारण एरवीही मी कितीशी बोलते! तिसऱ्या दिवशी मीच कंटाळून बोलायला लागले.

आठवडा गेला, माझा निकाल लागायचा होता म्हणून मी नगरला निघाले. एसटीला सोडायला येताना ती सगळ्या गल्लीला सांगत होती, "दार चाललं बरं का नगरला! आता या सगळी!" मी म्हटलं, "आत्या, पुरे." ती म्हणाली, "पुरे तर पुरे." ही आमची शेवटची भेट.

पुढचं मामांनी सांगितलं. मी गेल्यावर चारेक दिवसांनी तिच्या पाठीवर फोड उठले, बारीक बारीक. ताप होता, पण तिने तो अंगावर काढला. गल्लीतल्या बाया कांजिण्या ओळखत नाहीत असं नाही. पण गोदाक्काला फोड म्हणजे तिचा जुनाच आजार, यात कुणालाच शंका आली नाही, तिला स्वतःलाही नाही. मग तिने भिंतीवरचा कागद मामांना वाचायला लावला. माझ्या अक्षरात, डॉक्टरांनी सांगितलेलं शेवटचं कलम तिथे होतं: फोड परत दिसले तर पांढऱ्या गोळ्या दुप्पट घ्याव्यात आणि लगेच नगरला येऊन दाखवावे. तिने दुप्पट घेतल्या. पांढऱ्याही आणि पिवळ्याही, म्हणजे लवकर गुण यावा. शनिवारचा उपाससुद्धा त्या गोळ्यांसाठी मोडला. त्या कागदावर अकरा नियम होते. दहा तिने कधी पाळले नाहीत. आयुष्यात पहिल्यांदा माझं ऐकलं, ते हे. आणि तेही अर्धंच. नगरला यायचं तिने लांबवलं, कारण अमावास्या नेमकी शनिवारी आली होती, यात्रा मोठी होती आणि तिने माळा द्यायचं कबूल करून ठेवलं होतं. "एवढा शनवार व्हऊ दे," म्हणाली. तापात बसून तिने माळा ओवल्या. रविवारी तिला धाप लागली. सोमवारी मामांनी सोनईहून तार केली. मंगळवारी ती आम्हाला मिळाली.

दहाव्यानंतर मी उरलेल्या गोळ्या घेऊन नगरच्या डॉक्टरांकडे गेले. दुसऱ्या कुणाला उपयोगी पडतील असं वाटलं, पुण्याहून मागवाव्या लागतात म्हणून. त्यांनी फोड कसे होते, कुठून सुरू झाले, ते विचारलं. मी मामांचं ऐकलेलं सांगितलं. त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"घरात कुणाला कांजिण्या आल्या होत्या?"

"शेजारी. पण तिला लहानपणी येऊन गेल्या होत्या."

"या गोळ्या चालू असताना त्याला अर्थ नाही," ते म्हणाले. "येऊन गेलेलंसुद्धा परत येतं. आणि गोळ्या वाढवल्यामुळे... जे थोडंफार लढत होतं तेही थांबलं." मग त्यांनी डबीचं झाकण घट्ट लावलं. "हे मी सांगायला हवं होतं. मला वाटलं, दार लावा म्हटलं की त्यात सगळं आलं."

मी डबी टेबलावरच ठेवून उठले. लोकांसमोर मी कुठे बोलते? पण बाहेर आल्यावर रस्त्यात उभी राहून मनातल्या मनात सगळ्यांशी भांडले. डॉक्टरांशी, मामांशी, त्या पातळ कागदाशी, वडिलांच्या त्या परत आलेल्या दाराशी. सगळ्यांत जास्त तिच्याशी. इतकी बाई शहाणी, साऱ्या गावाची साडेसाती हिला पाठ, आणि एक सकाळ घरात बसता आलं नाही! आणि भांडताना प्रत्येक वेळी मी तिथेच येऊन अडकायचे... माझे गुडघे वळतात, आणि ती लुगडं सावरत बाहेर पडते.

डॉक्टरांनी सांगितलेलं मी फक्त वडिलांना सांगितलं. मामांना नाही, कारण गोळ्या त्यांनी मोजून दिल्या होत्या. राधाबाईंनाही नाही. इथे लिहितानाही त्यांची आणि पोरीची नावं मी बदलली आहेत. गल्लीला वाटतं की गोदाक्का तिच्या जुन्या दुखण्याने गेली. तसंच वाटू दे.

मागच्या आठवड्यात मी शिंगणापूरला जाऊन आले. पडदा मामांनी काढून टाकला आहे, कागदही. पाट मात्र चौकटीतच आहे. मामा त्याच्या भोवतीने झाडतात. दुसरीकडे कुठे बसावं हे न कळून मी त्यावरच बसले. थोड्या वेळाने राधाबाई आल्या, छबी कडेवर. तिच्या कपाळावर कांजिण्यांचे दोन बारीक खड्डे राहिले आहेत. त्या चौकटीशी थांबल्या. आत कुणी नाही, मामा शेतात, हे त्यांना माहीत होतं. तरी थांबल्या.

"बेबीताई, येऊ का?"

सगळं गाव शिकलं होतं. माझ्या तोंडाशी सवयीने 'नको' आलं, चांगलं मोठ्या आवाजातलं, गल्लीला ऐकू जाईल असं... ते मी गिळलं, आणि पाय काढून घेतले.